गोड्या पाण्याची चौथी गाडी

लिहू नका, साहेब — म्हणजे लिहा, ओव्हरसियर आहात, लिहिणारच तुम्ही, पण ‘गवंड्याचा निष्काळजीपणा’ असं लिहू नका — कडूबा मिस्त्रीचं नाव काळ्या यादीत गेलं तर अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात त्याच्या हातात कुणी थापी देईल का? नाही देणार. छताचा पोपडा बाकावर पडला हे खरं, वर्ग रिकामा होता म्हणून निभावलं — कोण? कोण आहे? — काही नाही, चिमणी. तुम्हीच बघा ना वर — सळई उघडी पडली ती एवढ्या कोपऱ्यातच, बाकीचा स्लॅब कसा स्वच्छ आहे — काम वाईट असतं तर सगळीकडेच गंज आला असता की नाही? सळयांखाली गिट्टीचे तुकडे ठेवून त्या त्यानं इंचभर उचलून घेतल्या होत्या, लोखंड चहूकडून झाकलं जावं म्हणून — मी पाहिलंय, तीन वर्षांपूर्वी, या शाळेतला पहिलाच महिना माझा.

पाणी? हो... पाणी. इथल्या विहिरी खाऱ्या, म्हणून स्लॅबसाठी सातपुड्याच्या पायथ्याहून गोडं पाणी आणलं होतं, चार बैलगाड्या भरून. तीन वापरल्या, आणि चौथी — चौथीचं काय झालं? मजुरांना वरण-रोडग्यांचं जेवण होतं, व्यवस्था माझ्याकडे, आणि खाऱ्या पाण्यात डाळ काही शिजेना — तास झाला, दोन तास झाले — स्वयंपाकाच्या सुभद्राबाई हसायला लागल्या, बाई कालेज शिकल्या पन दाळ नाही शिजत त्याईच्यानं — मी गाडी चुलीकडे वळवली — डाळीला, कणकेला, प्यायला, सगळी तिथंच संपली. कडूबा धावत आला. “बाई, हे पानी दाळीले द्यान तं स्लॅबमधी काय घालू? खारं पानी लोखंडाले खाते.” मी म्हटलं, कोपराच तर राहिलाय, घाला विहिरीचं. अर्ध्यात काम थांबवता येईना, घातलं त्यानं. आणि मी कोण? अमरावतीची बी.एस्सी., रसायनशास्त्र घेतलेली — मला माहीत नव्हतं का? होतं, साहेब.

काय म्हणता? नुसतं प्लास्टर, वरून चुना — कुणाचंच नाव नको? ... चालेल तसं? खरंच? ... नाही हो. मीठ आत तसंच राहतं, गंज फुगत जातो, नवं प्लास्टरही ढकलून देतो — आणि त्या कोपऱ्याखाली सातवीच्या मुली बसतात. तेवढा भाग फोडून सळया बदलाव्याच लागतील. लिहा — सिंधू पंजाबराव इंगळे, सहायक शिक्षिका — पूर्ण लिहा. आणि निघा आता. घंटा व्हायच्या आत मला बाकं बाहेर काढायचीत.