हाताचा गुण

आमच्या नांदेडच्या दवाखान्यात रोबोट आला आन् पहिलंच ऑपरेशन ठरलं भोकरच्या सुमनमावशींचं. त्यांची दोन्ही बाळंतपणं मीच केलेली, आता गर्भपिशवी काढायची होती. मी समजावलं, "मावशी, मी बाजूला बसून चालवणार. पोटात जातील ते रोबोटचे हात."

मावशी खाटेवरून उतरायलाच लागल्या. "मॅडम, तुमच्या हाताला गुण हाय म्हणून आले. त्या लोखंडाच्या हाताला कोण वळखतंय?"

भूल चढेपर्यंत मी त्यांचा हात धरून उभी राहिले, तेव्हा कुठं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मावशी वॉर्डभर हिंडत होत्या!

महिन्याभरानं त्या जावेला घेऊन आल्या. मी जावेला म्हटलं, "घाबरू नका, तुमचाही हात धरते."

मावशी म्हणाल्या, "तुमचा ऱ्हाऊ द्या, मॅडम. तिला रोबोटचा धरू द्या. गुण त्याच्या हाताला हाय!"