टेपाडावरचं बाजलं

माझी नात सायली पुण्याला विद्यापीठात गणित शिकते, आणि तिचं ते गणिताचं सॉफ्टवेअर आमच्या बैलापेक्षा हट्टी आहे बघा. विद्यापीठाबाहेर चालतच नव्हतं, म्हणून पोरगी गणपतीलाही घरी आली नाही.

मी फोनवर म्हटलं, "त्याला जरा पेंड दाखव की!"

"आबा, लायसन लागतं."

"मला न्हाई लागलं कधी. जन्मभर ट्रॅक्टर हाकला."

दिवाळीला मिळालं एकदाचं लायसन, तिच्या लॅपटॉपवर. आली घरी, आंदर मावळात. पण ते सॉफ्टवेअर उघडायला इंटरनेट लागतं, आणि आमच्याकडे रेंज फक्त टेपाडावर. सकाळी चढली ती तिथंच बसली. मी खाली चकल्या घेऊन वाट बघतोय. शेवटी बाजलं डोक्यावर घेतलं आणि गेलो वर.

"आबा, हे काय?"

"तू घरी आलीस म्हनत्यात. म्हटलं, घर कुटं हाय ते बघावं."

लय हसली. मग सगळी सुट्टी ती सॉफ्टवेअर शिकत होती आणि मी शेजारी घोरत होतो.

आता गेली परत. म्हातारी रोज ओरडते, "ते बाजलं खाली आणा की!"

"असू दे गं. तिचं लायसन अजून संपलेलं न्हाई."