चार बोटं खाली

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरला होता. पैसे भरायच्या रांगेत माझ्यापुढे वेल्डन आणि व्हर्ना हे म्हातारं जोडपं होतं. तिच्या हातात आंधळ्यांची पांढरी काठी होती. त्याच्या ढकलगाडीत नवं कोरं सस्पेन्शन होतं.

"हे पुढे बसवलं की आपली बत्तीस सालची फोर्ड चार बोटं खाली येईल, व्हर्ना. चढताना तुला माझा खांदा लागायचा नाही."

"खांदा दुखतो का तुझा?"

"तसं नाही गं. शिवाय दोन्ही चाकं आपापली हलतील. खड्डा कळणारसुद्धा नाही."

"एकही?"

"ढगावर बसल्यासारखं वाटेल."

"ढगावरून मला काय दिसणार, वेल्डन?"

"म्हणजे?"

"रुळांवर दोनदा आपटलो की गाव सुटलं. मग बारीक थरथर, ती संत्र्यांच्या बागांमधली. मग पूल, तिथे पोटात गोळा येतो. तेवढंच तर दिसतं मला आता."

"मला वाटायचं तू झोपतेस."

"तू शीळ घालत असतोस, म्हणून गप्प बसते. सरक पुढे, रांग हलली."

"व्हर्ना, स्प्रिंगचा जुना पाटा ठेवूनही गाडी खाली आणता येते. नुसता खाली वाकवलेला ॲक्सल घालायचा."

"आणि हादरे?"

"सगळे तसेच. रस्ता उलट आणखी जवळ येईल."

"मग उभा काय राहिलास?"

त्याने ढकलगाडी वळवली. मी बाजूला झालो.

"पूल आला की मीही डोळे मिटून बघणार."

"गाडी तू चालवतोस, येड्या."