झाकलेल्या नावाचा प्रस्ताव

चहा घ्या, पण हे बाहेर सांगू नका. अहमदपूरच्या आमच्या कॉलेजात संशोधनाचा निधी वाटायचा होता. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "सगळेच प्रस्ताव बरे हायत, चिठ्ठ्या टाकू."

मी भडकलो. "संशोधन हाय का भिशी? नावं झाकू, सगळे वाचू अन् गुण देऊ!"

तसंच ठरलं. करडईच्या मुळांवरचा एक प्रस्ताव मी भर मीटिंगमधी लई झोडपला. "लिहिणाऱ्यानं तरी वाचलाय का हा?"

मॅडमनी नावावरची पट्टी काढली. नाव माझंच! विषय निवडण्यापासून सगळं माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं केलेलं, मी न वाचता नुसती सही ठोकलेली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर झाकून राहिलं असतं."