तळपायाचा ताप

माझं माहेर चांदवडचं, कांद्याच्या वावरातलं, आन दिलं मला मखमलाबादला, झेंडूच्या मळ्यात. नाव सुभद्रा. काय सांगू तुम्हाला, तवा वावरात चप्पल घातली तर बाया हसायच्या. अनवानी पानी भरायचं, अनवानी फुलं तोडायची, आन सकाळी पाटी घेऊन फूलबाजारात उभं राह्यचं. पाय काय बघायची गोष्ट असती का, सांगा.

शुगर निघाली तवा मी चाळिशीत. गोळ्या चालू झाल्या, पन पायाचं कोनी सांगितलंच नाय. पाय हळूहळू मुके झाले. मुके म्हंजी कसे, एक दिवस बाजारातून घरी आले तर सून म्हनली, आई, फरशीवर रगत कशाचं. बघते तर बाजारापुरत्या घातलेल्या चपलेतून खिळा वर आलेला, दिवसभर त्याच्यावर उभी होते आन मला पत्ता नाय. अंगठा गेला त्यात.

पुढं दोन वर्सांनी त्याच पायाला परत जखम. एका दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हनले, गुडघ्याखाली काढावा लागंल, उद्या सही करा. माझा थोरला भाऊ असाच गेला, आधी बोट, मग पंजा, मग मांडी, मग तो. मी म्हनलं, नाय करनार सही, आधी दुसऱ्याला दाखवनार. मालक म्हनले, डॉक्टरला शिकवती का तू. मी म्हनलं, पाय माझा हाय, आन रिक्षात जाऊन बसले.

दुसऱ्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, शुगरचे पाय बघायच्या. त्यांनी प्लास्टर घालून दोन महिने निजवलं, जखम भरली. मग म्हनल्या, सुभद्राबाई, ही परत येऊ शकती, पन यायच्या आधी तिथली कातडी गरम होती, तुम्हाला कळनार नाय, ह्याला कळतं. आन टॉर्चसारखं एक यंत्र हातात दिलं. परदेशातून दोन-चारच आनलेली, सहा महिने वापरून परत द्यायचं. रोज सकाळी दोन्ही तळव्यांना लावायचं, आकडे लिहायचे. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा चार अंशाहून जास्त गरम, अशी लागोपाठ दोन दिवस निघाली, की चालनं बंद आन बाईंना फोन. मी चौथी शिकलेली, आकडे येतात मला. गल्लीतल्या बाया म्हनायच्या, सुभद्राच्या पायाला ताप आलाय.

आला पन. दसरा पाच दिवसांवर, मळा पिवळाधमक, आन उजव्या करंगळीखाली पाच अंश जास्त. दुसऱ्या दिवशी सहा. वरून ना फोड, ना लाली, ना दुखनं. मी फोन केला आन खाटेवर बसले. मालक म्हनले, धडधाकट हाय की पाय, ह्या खेळन्याच्या सांगन्यावर दसरा सोडनार का तू. मी म्हनलं, खोटं निघालं तर मला बोला, खरं निघालं तर पाय कोन आनून देनार. सुनेनं आन शेजारनीनं फुलं तोडली, मी बसल्या जागी माळा केल्या, तरी चार वाफे तसेच सुकले. ते बघून लय वाईट वाटलं, नाय कसं म्हनू. पन उठले नाय.

दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरबाईंनी करंगळीखालचा घट्टा तासला तर खाली काळं रगत साकळलेलं. म्हनल्या, आजून दोन दिवस चालल्या असत्या तर फुटलं असतं. मालक तिथंच उभे होते. माझी चप्पल हातात घेऊन रिक्षापर्यंत आले.

सहा महिने झाले, यंत्र परत मागितलं. मी दिलं नाय. सरळ सांगितलं, चोर म्हना, पन देनार नाय. बाई हसल्या, म्हनल्या, ठेवा, मग गल्लीतल्या शुगरवाल्यांचे पाय पन तुम्हीच बघायचे.

तवापासून रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर रांग असती. हसनाऱ्या बाया पन येतात, पदर सावरून गपचूप पाय पुढं करतात. मालकांना पन निघाली शुगर, ते सगळ्यात आधी बसतात. माझी नऊ बोटं हायेत, आता त्यातलं एक पन द्यायचं नाय मला.

तुम्ही एवढं ऐकलंत, देव तुमचं भलं करो. आन मघाशी तुम्हाला पन शुगर हाय म्हनलात ना. मग काढा ते बूट. मोजे पन काढा.