ग्रहणातली पिन

टाळ थांबवा! मृदंगही थांबवा. मंडळी, आज माझा गळा गाण्यासाठी नाही, ओरडण्यासाठी आहे. आधी एक सांगा — पोटातल्या लेकराच्या काळजाला भोक असेल, तर आईला जाब विचारायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? देवानं? कधी? मला नाही कळवलं त्यानं!

ऐका. आपला गिरणीवाला भागवत — त्याची बायको जयवंता. आठवा महिना. तालुक्याला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाच्या हृदयात दोष आहे. बाळंतपण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात करा. जन्मल्यावर लगेच ऑपरेशन झालं तर वाचेल." वाचेल म्हणाल्या! आपण काय ऐकलं? दोष! तेवढंच ऐकलं!

आणि लागली रांग. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका — दळण राहिलं बाजूला! "गं जयवंता, ग्रहणात काय चिरलंस का?" "झोपली असशील, दुसरं काय!" एक आजोबा तर ओट्यावर बसून विचारतात, "माहेरी कुणाला असं होतं का?" हातात चहा तिच्याच घरचा! बशीत ओतून, फुंकून! हसताय? हसू नका, पुढेच बसलेत ते.

काल सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. शहरात न्यायला जीप दारात उभी. पिशव्या भरलेल्या. आणि जयवंता खांबाला धरून बसलेली — उठेना! मला म्हणते, "महाराज, ग्रहणभर मी हलले नाही. पाणीसुद्धा प्याले नाही. फक्त पदर सुटला म्हणून पिन लावली. एकदाच. त्या पिनेनंच भोक पडलं ना? मग डॉक्टर काय करतील? माझं पाप माझ्यापाशीच राहू द्या."

पिन, मंडळी! आठ दिवस ती बाई एकेक क्षण आठवत आपला गुन्हा शोधत बसली होती. तुम्ही विचारत राहिलात, आणि तिनं शोधून काढला!

सासू चंपाक्का ताडकन उठली. "पिन मी लावली तिला! द्या मला फाशी! अगं, तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी ग्रहणात विळीवर कांदा चिरला, त्याला काय धाड भरली?"

जयवंता म्हणाली, "आत्या, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "महाराज, दोन वर्षांमागं तुम्हीच सांगितलं होतं ना — गर्भारणीनं ग्रहणात सुई-पिनेला हात लावू नये?"

खरं होतं! याच देवळात, याच जागी उभा राहून मी ते सांगितलं. रंगवून सांगितलं! तुम्ही माना डोलावल्या, मी खूश झालो. जीभ झडायला हवी होती माझी! भागवत भिंतीकडे तोंड करून रडत होता. जीप रिकामी परत गेली.

म्हणून आज काल्याची हंडी फुटणार नाही. जीप पुन्हा बोलावली आहे, बाराला येते. मी एकट्यानं सांगून तिला पटणार नाही. ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांनीच तिच्यापुढे उभं राहून म्हणायचं — "चुकलो, बाई. तुझा काही दोष नाही." पहिला मी म्हणणार. पाया पडून म्हणणार.

लेकरू वाचेल का? मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. पण ते आपल्या तोंडापायी घरातच गेलं, तर या देवळात मी परत उभा राहणार नाही, आणि तुम्हीही हात जोडायला येऊ नका!

उठा! साडेअकरा झाले. चपला नंतर शोधा.