आळशाच्या पोटातले खडे

हॅलो?… हां आई, बोल… अगं प्रबंध पास झाला माझा… हो, हो, आत्ताच… अगं ऐक ना, चाळणीचं मग बोलू.

तोच गं, माझा आळशी मासा. समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून बसतो, डोळे तेवढे वर. जवळून कोणी गेलं की आ वासून गट्ट… छे, पाठलाग-बिठलाग काही नाही, जागचा हलत नाही… हो, अगदी बाबांसारखा.

तर मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, याच्या पोटात सापडलेलं यानं जाळ्यात अडकल्यावर गिळलं असेल. शेजारी जो आला तो खाल्ला. एरवी समुद्रात काय खातो, ते यावरून कसं कळणार?… मग काय, दोन वर्षं पाण्यात जाणार होती…

नाही गं, रडले नाही. बशी पुढे केली… बशीत खडे, त्याच्याच पोटातले. मोहरीएवढे. माशाच्या कानात असतात… असतो गं माशालाही कान, आतल्या आत… खाल्लेल्या माशाचं मांस पचून जातं, खडा मागे राहतो. पचायला अख्खा दिवस लागतो, आणि आमचं जाळं पाण्यात होतं जेमतेम अर्धा तास. मग खाल्लं कधी?… बरोब्बर, आदल्या दिवशी. तुला लगेच कळलं, सरांना पाच मिनिटं लागली.

चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, इतक्या वर्षांत आम्हाला कसे नाही सापडले हे?… कसे सापडतील? इथल्या चाळणीची भोकं एवढाली, सगळे खडे नळाखाली वाहून जायचे…

हो. तीच. तुझी पिठाची… मीच नेली होती… दोन वर्षं खोटं बोलले, कबूल. आता शेजारच्या काकूंशी बोलायला लाग, त्यांनी नव्हती नेली… सांगितलं ना सरांना, आईची चाळणी आहे म्हणून. हसले सगळे, पण टाळ्याही वाजवल्या…

परत? अगं, चारशे माशांची पोटं धुतलीत तिच्यात…

आई?… रडू नकोस गं, मलाही येतंय… काय? मैद्याची?… तिची जाळी आणखी बारीक आहे?… नको, तुला लागेल… बरं. बरं बाई, दे पाठवून. ठेवते आता, नवे मासे आलेत.